उन्हाची डॉक्टरीण

फोन आला तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होतो. अकोल्यात मार्चपासून जूनपर्यंत कर्त्या पुरुषाचा हाच मुख्य व्यवसाय असतो. बँकेतली नोकरी वगैरे जोडधंदे. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. पलीकडचा मुलगा फार शुद्ध बोलत होता.

"तुम्ही डॉ. शकुंतला मॅडमचे बंधू ना?"

"आतेभाऊ."

"सर, विद्यापीठातले अग्रगण्य वैद्यकीय संशोधक आणि त्यांचं अलीकडचं कार्य, अशी एक पुस्तिका निघते आहे. मॅडमचाही उल्लेख घेतोय. त्यांच्या शेवटच्या कामाचा विषय एका वाक्यात सांगू शकाल?"

"ऊन."

"ऊन म्हणजे, सर?"

"ऊन म्हणजे ऊन. तुम्ही कुठून बोलताय?"

"पुण्याहून. आम्ही फक्त मांडणी करतो."

"मग कसं सांगू!" मी म्हणालो. तेवढ्यात टाकी भरून पाणी खिडकीतून आत सांडलं, आतून बायकोने माझा उद्धार केला आणि संशोधनाचा विषय तिथेच थांबला.

पण मनातून तो थांबला नाही. शकूताईला जाऊन आता दोन उन्हाळे होत आहेत. एका वाक्यात मावणारी ती बाई नव्हती आणि एका वाक्याच्या वर कुणी तिला विचारतही नव्हतं.

शकूताई माझ्या मोठ्या मामाची थोरली मुलगी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. अमरावतीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायची. विषय असा की घरात कुणालाच तो कधी कळला नाही. ती डॉक्टर होती, पण दवाखाना नव्हता. कंपाउंडर नव्हता. इंजेक्शन देत नव्हती. माझी आई तर उघड हळहळायची, "एवढी शिकली पोरगी, पन सुई टोचता येत नाही." घरात कुणी आजारी पडलं की ताईला फोन जायचा. ती सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "घरात हवा कुठून येते? पाणी किती पेतं ते? काम काय करतं?" आम्हाला हवी असायची गोळी. शेवटी फोन ठेवून आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारायचो. तो बारावी नापास होता, पण गोळी द्यायचा.

तिचा विषय होता माणसं आजारी पडायच्या आधीचा. त्यातही ऊन. आमच्या भागात ऊन हा काही विषय आहे हेच लोकांना पटायचं नाही. ऊन आहेच, असं लोक म्हणायचे, त्यात पाहायचं काय! ताईचं म्हणणं, "आहे म्हून कोणी पाह्यलंच नाही नं." तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मोजल्याशिवाय बोलू नोको." कॉलेजात ती पुस्तकातलं मराठी बोलायची, इंग्रजीही झकास, पण आमच्यात आली की पहिल्याच पायरीवर चपलेबरोबर ते सगळं काढून ठेवायची.

ती कधी ताजीतवानी दिसल्याचं मला आठवत नाही. बसताना "थकली बाप्पा", उठताना "थकली बाप्पा". चालायची अशी की प्रत्येक पावलाला वरून मंजुरी यायची आहे. गाडीत बसली की दार लागायच्या आत डोळे मिटायची. मूर्तिजापूर केव्हा गेलं, बडनेरा केव्हा आलं, तिला पत्ता नसायचा. भाऊजी लवकर गेले, मुलगी बेंगळुरूला. अमरावतीच्या घरात ती आणि तिचे तापमापक. पण थकलेली ही बाई, ऊन चढू लागलं की घराबाहेर पडायची. आम्ही सगळे खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून आत दडायचो त्या वेळेला.

एकदा मी बाहेर निघालो तर आईने माझ्या खिशात कांदा घातला. ऊन लागू नये म्हणून. मी तेव्हा बँकेत अधिकारी झालो होतो, खिशात पेन आणि कांदा असा शेजार घेऊन मी निमूट उभा. ताई बसली होती. मला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही.

"आत्या, कांद्यानं ऊन लागत नाही, हे तुले कोणी सांगतलं?"

"माह्या सासूनं."

"तिले कधी लागलं होतं का ऊन?"

आईने विचार केला. "ती उन्हात जातच नव्हती वं."

"मंग कांद्याचं काय ते आपल्याले समजलंच नाही अजून," ताई म्हणाली. "राहू दे खिशात. पाण्याची बाटलीबी दे." तिने आईला खोटं पाडलं नाही आणि कांद्यालाही. दोघांनाही चौकशीसाठी राखून ठेवलं.

या चौकशीपायी तिने आमच्या घराण्याची जी शोभा केली ती अकोल्यात अजून सांगतात. माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मे महिना, मुहूर्त दुपारचा. मुलीकडच्यांच्या गुरुजींनी काढलेला, म्हणजे त्याला अपील नाही. वरात निघायच्या आधी पाहतो तर मंगल कार्यालयाच्या फाटकात ताई वजनकाटा मांडून बसलेली. बॅन्डवाल्यांची वजनं करत होती. लाल कोट, खांद्यावर झालरी, गळ्यात ढोल. "ढोल काढा भाऊ, ढोलाचं वजन नोको मले," असं तिचं चाललेलं. वरातीनंतर परत वजन करायचं, म्हणजे घामावाटे किती पाणी गेलं ते कळतं, असा तिचा हिशेब. तेवढ्यात आमचे होणारे व्याही आले. त्यांना वाटलं, हा आमच्याकडचा काही तरी मान आहे. तेही फेट्यासकट, हातातल्या नारळासकट काट्यावर चढले. त्यांच्या मागे त्यांचे भाऊ. त्यांच्या मागे मावश्या. ताईने एका शब्दाने कुणाला उतरवलं नाही. सगळ्यांची वजनं केली. घोडीचं राहिलं, कारण काटा लहान होता.

वरात अर्ध्या वाटेवर आली आणि ताईने ती थांबवली. क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा तिला आवडला नाही. त्याला एका दुकानाच्या पायरीवर सावलीत बसवून तिने मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तो बोलता होईपर्यंत वरात हलू दिली नाही. नवरदेव घोडीवर तापला होता. माझा मोठा भाऊ दातओठ खात म्हणाला, "शके, मुहूर्त जाऊन राहिला!"

"जाऊ दे ना. दुसरा येते." मग क्लॅरिनेटवाल्याकडे बोट दाखवून, "हा गेला तं येईन का?"

भाऊ तिच्याशी वर्षभर बोलला नाही. तो क्लॅरिनेटवाला मात्र दर संक्रांतीला तिच्याकडे तिळगूळ द्यायला जायचा.

लबाडी तिच्या लगेच लक्षात यायची, हेही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याची मुळं त्यात आहेत. नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या युनिटात तिने तापमापक दिला होता, जिथे इस्त्रीचं काम चालतं तिथे टांगायला. आठवड्याने मी तिला घेऊन गेलो. मॅनेजरने एसीच्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आकडे पुढे ठेवले. ताईने आकड्यांवर नजर टाकली, चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाली, "साहेब, हा आकडा या खोलीचा आहे." तो गडबडला. ताई चिडली नाही, ओरडली नाही. उठली, खिळा मागितला आणि इस्त्रीच्या विभागात जाऊन स्वतः तापमापक टांगून आली. परतीच्या वाटेवर तेवढी एकदाच ती जागी होती. खुशीत होती. "माह्या डोळ्यात कोण धूळ फेकते, पाहतेच मी," असं काहीतरी बोलत होती. मला वाटतं, तिथेच ती बेसावध झाली. आपल्याला फसवायचं तर समोरच्याला लबाडीच करावी लागते, असं तिने धरून ठेवलं.

निवृत्तीला थोडा काळ राहिला तेव्हा तिला तिच्या मनातलं काम मिळालं. शेतात राबणाऱ्या बायांना उन्हाळ्यात खरोखर किती ऊन सोसावं लागतं ते मोजायचं. हवामान खात्याचं ऊन नव्हे. बाईच्या गळ्याशी असतं ते. त्यासाठी कोटाच्या बटणाएवढं एक यंत्र आलं. गळ्यात घालायचं, ते आपलं आपण दिवसभराचं तापमान टिपत राहतं. बार्शीटाकळीकडचं एक गाव निवडलं. नाव सांगत नाही. ताईनेच बजावलं होतं की त्या बायांचं हसू करू नको. बायांनी पाहताक्षणी त्या बटणाला मंगळसूत्रातलं नाव दिलं, डोरलं. डॉक्टरीणबाईचं डोरलं. ताईने प्रत्येकीच्या हातात ते देताना सांगितलं, "माय, लय महागाचं आहे. जपजा. हारपू देऊ नोका." आणि रोज घालायचं, हेही सांगितलं. बायांनी माना डोलावल्या. ताई अधूनमधून संध्याकाळी जायची. प्रत्येकीच्या गळ्यात डोरलं असायचं. एकही हरवलं नाही, एकही फुटलं नाही. तिची हाताखालची डॉ. अर्चना म्हणाली, "मॅडम, शहरातले लोक आठवडाभर घड्याळ नीट वापरत नाहीत. या बायांना मानलं पाहिजे."

उन्हाळा संपला, यंत्रं बायांकडेच ठेवून त्यांतली माहिती तेवढी काढून आणली आणि विभागात एकच धांदल उडाली. ऐन दुपारी, रस्त्यावरचं डांबर पातळ होतं त्या वेळेला, या बायांच्या गळ्याशी गारवा. संध्याकाळी किंचित गरम. सगळ्याच बायांचं तसंच. विभागप्रमुख साहेब खूश झाले. डोक्यावर फडकं बांधायची पद्धत, अंगात नवऱ्याचा जुना सदरा घालायची रीत, यात काहीतरी शास्त्र दडलंय, असं त्यांनी जाहीर केलं. अर्चना निबंध लिहायला बसली; तिची बढती त्याच्यावर अडली होती. एका परिषदेचं बोलावणं आलं. आणि एका सरकारी बैठकीत, ताईच्या समोरच, एक अधिकारी आनंदाने म्हणाला, "म्हणजे आपल्या बायांना ऊन बाधत नाही. उगाच कामावर सावलीला मांडव घाला, कामाच्या वेळा बदला, ही ओरड चालते."

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे अकोल्याला मुक्कामाला आली. जेवताना मी म्हणालो, "नाव झालं की तुझं."

"पटत नाही मले," ती म्हणाली. "पन मोजलं आहे. मोजलेलं खोटं कसं म्हणू?" मग थोड्या वेळाने, "थकली बाप्पा. असू दे खरं."

असं ती पहिल्यांदाच बोलत होती. मला वाटलं, चला, ही पण आपल्यासारखीच झाली.

तिची एक रीत होती. ज्यांचं मोजलं, त्यांना आधी सांगायचं. छापायच्या आधी, परिषदेच्या आधी. ते सांगायला आम्ही दुसऱ्या दिवशी त्या गावी निघालो. बायांना निरोप संध्याकाळचा होता. पण मला बँकेत परतायचं होतं म्हणून आम्ही दुपारीच पोचलो. एवढ्याशा बदलाने सगळं उलटलं.

सुभद्राबाई म्हणून होत्या, बायांत थोरल्या. त्या नुकत्याच वावरातून आल्या होत्या. डोक्यावरचं फडकं घामाने काळं पडलेलं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, माठातलं गार पाणी दिलं. ताईने पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली केला. सुभद्राबाईंच्या गळ्यात नुसते काळे मणी होते.

"माय, डोरलं कुठं आहे?"

"हाये ना. थांबा."

त्या आत गेल्या. गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि एक गाठोडी वर काढली. सोडली. आत त्यांचं स्वतःचं सोन्याचं डोरलं आणि आमचं बटण, शेजारी शेजारी. बटण त्यांनी गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि फोटो काढायचा असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"सकाळी वावरात जातानी काढून ठेवते. आली का घालते. एक दिवस चुकली नाही, देवाशप्पत."

"अन् बाकीच्या?"

"समद्याच. खरं डोरलं कोन नेते वं वावरात? धसकटात पडलं, मातीत गेलं, मंग? तुमीच तं म्हनल्या, जपा म्हून."

आमच्याकडे रीतच आहे ती. सोन्याचं घरी, खोट्याचं वावरात. चांगली वस्तू जी असेल ती धान्यात पुरून बाई कामाला जाते. डॉक्टरीणबाईची वस्तू सर्वांत चांगली होती, म्हणून ती सर्वांत खोल पुरली गेली. सगळा उन्हाळा आमच्या विद्यापीठाने गव्हाच्या कोठीचं तापमान टिपलं होतं. संध्याकाळी गरम, कारण तेव्हा ते चुलीपुढे बसलेल्या बाईच्या गळ्यात असायचं.

मला हसू फुटलं. मग ताईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी ते खोकल्यावर नेलं. ती खाटेच्या कडेवर बसली होती. तिने सुभद्राबाईंना काही सांगितलं नाही. "छान सांभाळलं माय," एवढंच म्हणाली. त्यांनी वाढलेली भाकर आणि ठेचा तिने पूर्ण खाल्ला.

गाडीत तिने डोळे मिटले नाहीत.

"माही मायबी तेच करे," ती म्हणाली. "वावरात जातानी पाटल्या ज्वारीत पुरे. मी पोट्टी होती, मीच काढून देवो तिले. मले माहीत होतं रे. अन् मी इचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला अमरावतीला सोडायला गेलो. तिथे विभागात जे झालं ते मी बाहेरच्या बाकावरून ऐकलं. दार उघडंच होतं. पंख्याला वारा लागावा म्हणून.

साहेब समजुतीने बोलत होते. "मॅडम, एका बाईने ठेवलं कोठीत. सगळ्यांनी थोडंच ठेवलं असेल?"

"सगळ्यांनीच ठेवलं."

"मग तेवढं एक वाक्य घालू, मर्यादा म्हणून. तुमचं शेवटचं वर्ष आहे. शांतपणे जाऊ द्या."

मग अर्चनाचा आवाज. तो रडका नव्हता, नुसता दमलेला होता. "मॅडम, माझं सगळं यावर आहे. तुम्हाला माहितीय."

"माहीत आहे, अर्चना."

"तुम्ही निवृत्त व्हाल. मला इथेच राहायचंय."



"तो अधिकारी काय म्हणाला आठवतं?" ताई म्हणाली. "बायांना ऊन बाधत नाही. उद्या तो कामावरचा मांडव काढेल आणि आपला कागद दाखवेल. त्या मांडवाखाली सुभद्राबाईच बसायची आहे. तिने आपली वस्तू स्वतःच्या सोन्याशेजारी ठेवली, अर्चना. आणि आपण तिच्या डोक्यावरची सावली काढायची?"

अर्चना बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. पुढे कितीतरी महिने ती ताईशी कामापुरतंही बोलत नव्हती.

ताईने निबंध मागे घेतला. परिषदेला कळवलं, त्या अधिकाऱ्याला स्वतः भेटून सांगितलं की ते ऊन बायांचं नव्हतं, गव्हाचं होतं. तो म्हणे फार हसला. विद्यापीठात कुजबुज झाली की मॅडमनी उतारवयात घोळ घातला. आमच्या घरात तर मेजवानीच. मोठ्या भावाने वरातीचा सगळा सूड उगवला. "एवढं शिकून गव्हाचा ताप पाहिला!" ताई सगळ्यात मोठ्याने हसायची आणि म्हणायची, "गव्हाले ऊन लागत नाही, हे तं पक्कं झालं ना बाप्पा!" हसून झालं की मात्र ती डोळे मिटून बसायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोलू नये असं वाटायचं.

निवृत्तीच्या आधी एकच उन्हाळा उरला होता. यंत्रं कॉलेजची होती, साहेबांनी नाराजीने का होईना ती दिली. पैसा नव्हता, माणूस नव्हतं. मी होतो, आणि माझी गाडी, जिचा एसी मी घेतल्यापासून बंद आहे. मार्चअखेर ती परत त्या गावी गेली आणि बायांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. कोठीचं, कागदाचं, अधिकाऱ्याचं.

सुभद्राबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्यानं चुकलं?"

"नाही माय. माह्यानं. जपा म्हणली, पन कायच्यासाठी हे सांगतलंच नाही."

एक तरुण सून होती, धीट. "अन् वावरात हारपलं तं?"

"हारपलं तं हारपलं."

"तुमाले बोलनी बसतीन ना."

"बसू दे. मी रिटायर होऊन रायली. बोलून बोलून किती बोलतीन?"

त्यावर बाया हसल्या. पण सुभद्राबाईंच्या मनाला ते पटेना. महागाची वस्तू, ती पीक निघाल्यावर उरलेली धसकटं वेचताना गळ्यात लोंबणार. त्या बराच वेळ ते बटण बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं करा, बाई. तुमीबी एक घाला अन् या आमच्या संगं वावरात. तुमच्या गयात रायलं तं आमच्याबी राहीन."

ती गंमत होती की अट, मला कळलं नाही. ताईने ती अट धरली.

तिचं वय, तिचे गुडघे, तिचा रक्तदाब. मी म्हणालो, "ताई, येडी झाली का तू? तूच लोकांना सांगते, दुपारी बाहेर पडू नका."

"हाव. अन् त्या बायाइले कोण सांगते?"

तिने माझ्याकडे एक जुना फुल बाह्यांचा सदरा मागितला. वावरात साडीवर बाया तसाच घालतात. मी माझा बँकेतला पट्ट्यापट्ट्यांचा दिला. बटणं लागत नव्हती म्हणून तो मी टाकलाच होता. तो तिला ढगळ झाला. माझ्या पोटाचा संशोधनाला झालेला तेवढाच उपयोग.

शनिवार-रविवारी ती जायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आम्ही पोचलो तर बांधाजवळ एक स्कूटर उभी. अर्चना. सोबत बर्फाची पेटी, पाण्याच्या बाटल्या, रक्तदाबाचं यंत्र. चेहरा अजून फुगलेला.

"तू कशाले आली?" ताई म्हणाली.

"तुम्हाला काही झालं तर पोलीस मला विचारतील," अर्चना म्हणाली. "हात पुढे करा. दाब बघते."

"आल्यावर पाह्य ना."

"आत्ता! आणि वर गेलेला असला तर आज वावर नाही. मी सांगतेय, नाही म्हणजे नाही."

महिनोन्महिन्यांनी त्या बोलल्या त्या अशा. पुढे सगळा उन्हाळा भांडत राहिल्या.

त्या कामाचा निबंध नंतर अर्चनानेच लिहिला. त्यात कुणाला आश्चर्य वाटावं असं काही नाही. बायांना ऊन लागतं, एवढंच. दुपारची रेषा वर जाते, जशी जायला हवी. त्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरा अधिकारी आला आहे. तो निबंध त्याच्या टेबलावर आहे असं अर्चना सांगते. तिची बढती अजून व्हायची आहे. निबंध निघाला तेव्हा ताई नव्हती. त्या जूनमध्ये ती निवृत्त झाली आणि हिवाळ्यात गेली. उन्हाशी त्याचा काही संबंध नव्हता, तसं अर्चनाने मला दोनदा सांगितलं. दवाखान्यात मी तिला पाहिलं होतं. ते लिहीत नाही.

वावरातला शेवटचा दिवस सांगतो. मेअखेर. मृग जवळ आला होता, धसकटं वेचून वावर मोकळं करायची घाई. मी बांधावरच्या बाभळीखाली गाडी लावली. त्या सावलीला सावली म्हणायचं ते केवळ सवयीने. हवा तव्यावरून उठावी तशी उठत होती. लांब, काळ्या रानात बायांची एक ओळ वाकून पुढे सरकत होती. सगळ्यांच्या डोक्याला फडकी, सगळ्यांच्या अंगात पुरुषी सदरे. इतक्या लांबून डॉक्टरीण कोण आणि सुभद्राबाई कोण, काही कळेना. मग पट्टे दिसले. ती ओळीच्या शेवटी होती, दोन पावलं मागे पडलेली.

एकदा तिने पाठ सरळ केली. कमरेवर हात ठेवला आणि राहिलेलं वावर पाहिलं. बरंच राहिलं होतं. ओळीतून सुभद्राबाई ओरडल्या, "बसा वं बाई आता, झालं तुमचं!" अर्चना माझ्याशेजारी बाटली घेऊन उभी होती, तीही हाक मारणार होती, पण तिने मारली नाही.

ताई बसली नाही. गळ्याशी हात नेऊन बाया चाचपतात तसं तिने ते बटण चाचपलं. जाग्यावर होतं. मग ती वाकली आणि पुढचं धसकट उपटलं.